घंटा बंद करण्याबाबत

पगारे मामा,

तुमची शोकसभा ऑनलाइन झाली. दुपारी चार वाजता, मोबाइलवर. प्राचार्यांनी तुमचं नाव बरोबर घेतलं, आडनावही बरोबर घेतलं, फक्त तुम्ही ग्रंथालयात शिपाई होतात असं सांगितलं. कुणीतरी चॅटमध्ये दुरुस्ती केली. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं आणि प्राचार्य म्हणाले, "सर्वांनी कृपया म्यूट राहावे." वाणिज्यच्या एका सरांचा माइक तेवढा चालू राहिला होता. त्यांच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकल्या. उभं राहून ऐकल्या की बसून, ते कॅमेरे बंद असल्यामुळे कळायला मार्ग नव्हता. मी बसून होते. खोटं कशाला बोलू?

दोन मिनिटांची चार मिनिटं झाली. कुठे थांबायचं हे कुणालाच कळेना. तुम्ही असता तर वेळेवर टोल दिला असता.

सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. प्रामाणिक, वेळेचे पक्के, हसतमुख. मी बोलले नाही, तर लोकांना वाटलं मला भरून आलंय. एका मॅडमनी नंतर मेसेज केला, "सांभाळा स्वतःला, तुम्ही फार हळव्या आहात." हे वाचून तुम्ही तोंडाला रुमाल लावून हसला असता. मी हळवी! जिच्या चपलांचा आवाज ऐकून मुलं जिना बदलतात, ती बाई.

तुम्हाला सगळं माहीत आहे, असं मी म्हणणार होते. पण तुम्हाला सगळं माहीत नाही. माझ्याबद्दल तर मुळीच नाही. म्हणून सांगते.

साथीतलं हे वर्ष सुरू झालं तेव्हा प्रथम वर्षाच्या मुलांनी कॉलेज बघितलंच नव्हतं. बारावी देऊन ती घरात गेली आणि मोबाइलमधून थेट बी.ए.ला आली. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही मानसशास्त्राच्या. मुलांना धीर येईल असं काहीतरी बोला." मी बारा मिनिटांचं भाषण तयार केलं. संकट हीच संधी, मनाची उभारी, भिऊ नका, सगळं होतं त्यात. आरशासमोर तालीम केली. चांगली साडी नेसले. मुलांनी अंगठे पाठवले, जोडलेले हात पाठवले आणि एकीने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

आणि तुम्ही? तुम्ही भाषणबिषण काही केलं नाही. कागदपत्रं द्यायला मुलं फाटकाशी यायची, कुणी दिंडोरीहून बापाच्या मोटरसायकलवर, कुणी वणीहून मिळेल त्या गाडीने. त्यांना आत सोडायची परवानगी नव्हती. तुम्ही कागद घ्यायचात आणि पोराला फाटकातूनच दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायचात. "ती खिडकी दिसती का? डावीकडून तिसरी. तो तुझा वर्ग. तिसऱ्या रांगंतला दुसरा बाक तुझा. दुसऱ्या कुणाला देत नाय, काळजी करू नको." मग वर जाऊन खरंच त्या बाकावर खडूने त्या पोराचं नाव लिहायचात. मला वाटायचं, या माणसाला काही उद्योग नाही.

त्या वर्गात रेंज चांगली यायची म्हणून मी तिथूनच ऑनलाइन शिकवायचे. खुर्चीत मी, हातात मोबाइल, समोर रिकामे बाक आणि त्यांवर तुमच्या अक्षरातली नावं. पहिल्या बाकावर, माझ्या अगदी नाकासमोर, 'सुजाता पगारे'. तुमची मुलगी. ती एकलहऱ्याच्या रस्त्याला तुमच्या घरी बसून शिकायची आणि तिचं नाव इथे माझ्यासमोर बसायचं. "हिला पुढं ठेवलीय मॅडम," तुम्ही म्हणाला होतात. "पाठीमागं बसली की झोपंल." मी हसले नव्हते. मला ऑनलाइन हजेरी कशी घ्यायची याची चिंता होती.

आता घंटेचं.

जिन्याखाली साखळीने टांगलेला तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि तुमच्या हातातली लोखंडी सळई. बावीस वर्षं तुम्ही तास बदलला की टोल देत आलात. कॉलेज बंद झालं, वर्ग ओस पडले, तरी तुमचा टोल चालूच. रिकाम्या इमारतीत तो दुप्पट घुमायचा. माझं वाक्य अर्धं असायचं, मुद्दा नेमका रंगात आलेला असायचा, आणि ठण्ण! लगेच चॅटमध्ये मुलं लिहायची, "मॅडम, घंटा झाली." आनंदाने लिहायची. दिंडोरीचा एक मुलगा द्राक्षाच्या बागेत बसून तासाला असायचा, मागे फवारणीचा ट्रॅक्टर फटफटत असायचा. तो एकदा म्हणाला, "मॅडम, घंटा झाली ना की कॉलेजात असल्यासारखं वाटतं." माझ्या बारा मिनिटांच्या भाषणाबद्दल असं कुणी म्हणालं नव्हतं. खरं सांगते मामा, मला ते लागलं. शिपायाने रुळावर सळई मारायची आणि मुलांना धीर यायचा, आणि मी साडी नेसून घसा कोरडा करायचा.

तासाचं रेकॉर्डिंग मी नंतर ग्रुपवर टाकायचे, ज्यांना नेटवर्क मिळत नाही त्यांच्यासाठी. टाकण्याआधी प्रत्येक रेकॉर्डिंगमधून तुमची घंटा कापायचे. कधी कधी तुम्ही दाराशी येऊन "टाइम झाला मॅडम" म्हणायचात, तेही कापायचे. कापण्यात मी फार तरबेज झाले होते. कुठे जोडलंय ते कळायचंसुद्धा नाही. मूळ फाइल मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून पुसून टाकायचे.

मग तो दिवस. मुलांना "उद्या भेटू" म्हणून झालं होतं, रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं, तेवढ्यात तुम्ही टोल दिलात. मी दारात जाऊन ओरडले. तुम्ही जिन्यातून वर आलात. काय काय बोलले ते मला आठवत नाही, असं मी सांगितलं असतं. पण ते रेकॉर्ड झालं आहे.

"अक्कल आहे का तुम्हाला? रिकाम्या वर्गांना घंटा देताय! कुणासाठी?"

"पोरांसाठी, मॅडम."

"कुठायत पोरं?"

"हायेत की. तुमच्या हातातच हायेत."

"जास्त शहाणपणा नको माझ्यासमोर. उद्यापासून घंटा बंद."

"ते मला लेखी द्या मॅडम. कॉलेज बंद हाय, घंटा द्यायची नाय, असं कुणी लेखी दिलेलं नाय मला. लेखी आलं की थांबतो."

तुम्ही हे नम्रपणे म्हणालात. म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. इतक्या वर्षांत तुम्ही मला उलट बोलला नव्हतात, आणि आताही बोलला नव्हतात. नोकरीतला नियम होता, तो सांगितलात.

दिलं मी लेखी. त्याच दुपारी. 'विषय: घंटा बंद करण्याबाबत.' अध्यापनात व्यत्यय, वारंवार सूचना देऊनही दुर्लक्ष, उद्धट वर्तन. वारंवार सूचना मी एकदाच दिली होती. उद्धट तर मी होते. सोबत पुरावा म्हणून त्या रेकॉर्डिंगचा तुकडा प्राचार्यांना पाठवला. मी ओरडतेय ते त्यात ऐकू येईल, हे माझ्या लक्षातही आलं नाही, प्राचार्यांच्याही आलं नाही. आम्हा दोघांनाही त्यात फक्त घंटा ऐकू आली.

प्राचार्य जिन्यात भेटले. आपल्या मुलांच्या होस्टेलमध्ये तेव्हा साथीच्या रुग्णांना ठेवलं होतं आणि तिथे जेवणाचे डबे पोहोचवायला कॉलेजने दोन माणसं द्यायची होती. कुणी जायला तयार नव्हतं. ते मला म्हणाले, "मग पगारेंना होस्टेलवर टाकू का? तुमची कटकट जाईल, माझं काम होईल."

मी म्हटलं, "टाका."

मामा, एवढंच. एक शब्द. मला माहीत होतं तुम्हाला शुगर आहे. बिनसाखरेचा चहा तुम्ही माझ्यासमोर कितीदा प्यायलात. छप्पन वय होतं तुमचं, तेही माहीत होतं. "त्यांना शुगर आहे हो सर," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मला पुढच्या तासाची घाई होती.

त्या चहावरून आठवलं. स्टाफरूममध्ये तुमचा कप वेगळा होता. साथ आहे म्हणून, असं मी नवीन लागलेल्या एका शिक्षिकेला सांगितलं होतं. साथ येण्याच्या आधीही तो वेगळाच होता. ती नवीन होती, तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही तिथेच कपबश्या विसळत होतात. तुम्ही नळ जरा मोठा केलात.

आणि तरीही, मामा, मी इथे पहिल्यांदा शिकवायला उभी राहिले तो दिवस. मागच्या बाकांवरच्या मुलांनी माझा पार फज्जा उडवला होता. कुणी मांजराचा आवाज काढत होतं, कुणी माझ्या आवाजाची नक्कल. माझ्या डोळ्यांत पाणी येणार, आलंच, अशा वेळी टोल पडला. मुलं पळाली. बाहेर येऊन घड्याळ बघितलं तर तास संपायला पाच मिनिटं होती. तुम्ही जिन्याखाली सळई पुसत होतात. "घड्याळ पुढं गेलं व्हतं मॅडम," म्हणालात. तुमचं घड्याळ त्याआधी कधी पुढे गेलं नव्हतं आणि त्यानंतरही गेलं नाही. मी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर मी रडकुंडीला आले होते हे कबूल करावं लागलं असतं.

तुम्ही होस्टेलवर गेलात तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण तास छान झाला. शेवटपर्यंत सलग. मुलांनी विचारलं, "मॅडम, आज घंटा?" मी म्हटलं, "आता शांतपणे शिकता येईल." तास संपला तरी मुलं थांबून राहिली आणि मग एकेक करून, न सांगता निघून गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ताप आला, ऑक्सिजन उतरला, बेडसाठी सुजाता आणि तिची आई सिन्नर फाट्यापासून पंचवटीपर्यंत फिरल्या. मी स्टाफच्या ग्रुपवर 'लवकर बरे व्हा' असं टाकलं, फुलांसकट. सात दिवसांत तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मला ते फार सोयीचं पडलं.

त्यानंतर सुजाता तासाला यायची बंद झाली. प्राचार्यांनी मला पुन्हा बोलावलं. काय म्हणाले असतील? "तुम्ही मानसशास्त्राच्या. मुलीला जरा धीर द्या, वर्ष वाया जाईल तिचं." मी फोन केला. बोलायचे मुद्दे कागदावर लिहून घेतले होते, दुःखाच्या पायऱ्या वगैरे. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, पप्पांचा आवाज कुठेच नाही आमच्याकडे. त्यांचा फोन साधा बटणांचा. फोटो आहेत, आवाज नाही. तुमच्या तासाला मागून घंटा यायची, एकदोनदा पप्पा बोललेले पण ऐकू आले होते. ते ग्रुपवरच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधलं मी. सगळी ऐकली. एकातही नाहीये. असं कसं होईल?"

सगळी ऐकली तिने, मामा. माझी चौतीस रेकॉर्डिंग. त्यांतली मानसशास्त्राची एक व्याख्याही तिच्या कानात गेली नसेल. बापाला शोधत होती ती पोर, आणि मी एकेक ठिकाणाहून त्याला सफाईने कापलेलं.

मी म्हटलं, "बघते."

ती म्हणाली, "मॅडम, प्लीज. पप्पा तुमचं फार सांगायचे. घंटेवरून तुम्ही रागावलात तेही हसत सांगितलेलं त्यांनी. म्हणायचे, मॅडम तोंडाने कडक हायेत पण शिकवतात मन लावून, तू त्यांचा तास चुकवायचा नाय. म्हणायचे, लेखी आल्याशिवाय मी थांबत नसतो. मग लेखी आलं वाटतं कुणाचं तरी."

कुणाचं तरी. तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का? ऑफिसात तुम्हाला माझा अर्ज दाखवला होता, हे मला मागाहून कळलं. तुम्ही वाचलात, घडी करून परत दिलात आणि घरी माझं नाव घेतलं नाहीत. हे तुम्ही का केलंत? मला शरमेने मारायचं होतं का? तसं नसेल, तुम्ही तसे नव्हतात. तुमच्या पोरीने माझा तास चुकवू नये, एवढंच तुम्हाला हवं असेल. तुमच्या चांगुलपणाचा मला राग येतो मामा, अजूनही. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

तर तुमचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. माझ्या तक्रारीच्या पुराव्यात. फाइलचं नावच मुळी 'तक्रार पगारे शिपाई'. कापून देता आला असता. घंटा ठेवायची, "पोरांसाठी, मॅडम" ठेवायचं, "तुमच्या हातातच हायेत" ठेवायचं, मला काढून टाकायचं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलंही. ऐकून बघितलं. तुम्ही कुणाशी तरी फार प्रेमाने बोलताय असं वाटत होतं, आणि समोरून कुणीच बोलत नव्हतं. ते मी पुसलं. आख्खी फाइल पाठवली, त्याच नावाने. खाली लिहिलं, 'तक्रार माझी होती. होस्टेलवर पाठवू का असं मला विचारलं होतं. मी टाका म्हटलं. मला त्यांची शुगर माहीत होती.'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, झालं. बाप घालवला, आता पोरीचं शिक्षणही घालवलं मी.

तिसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव दिसलं. कॅमेरा बंद. तास संपत आला तसा तिचा माइक सुरू झाला आणि घंटा वाजली. तुमची. वर्गातली सगळी मुलं एकदम चॅटमध्ये आली, "घंटा! घंटा झाली!" आणि मग माझा आवाज आला. अक्कल आहे का तुम्हाला. मुलं लिहायची थांबली. तिने सगळं वाजवलं, लेखी आलं की थांबतो इथपर्यंत, आणि माइक बंद केला. मला तिला म्यूट करता आलं असतं. ते बटण माझ्याकडेच असतं. बोट त्याच्यावर गेलंही होतं. समोर बाकावर 'सुजाता पगारे' लिहिलेलं होतं, अजून पुसलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती रोज येते, एक तास चुकवत नाही, वही पूर्ण ठेवते, प्रश्नांची उत्तरं चॅटमध्ये लिहिते आणि तास संपला की मला माझा आवाज ऐकवते. प्राचार्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "काढून टाका ना तिला ग्रुपमधून, आपण बघू नंतर." मी म्हटलं, "सर, हजेरी शंभर टक्के आहे." हजेरीपुढे ते नेहमीच गप्प बसतात.

मुलांना धीर कसा द्यायचा यावर मी बारा मिनिटं बोलले होते. तुमची मुलगी माझ्या धीराने परत आली नाही मामा. ती माझ्यावरच्या रागाने परत आली. येऊ दे. वर्ष तर वाचलं.

काल मात्र तास संपला आणि तिचा माइक सुरू झाला नाही. मी थांबले. मुलंही थांबली. एकसुद्धा बाहेर पडलं नाही. पाच मिनिटं गेली. घंटा झाल्याशिवाय जायचं कसं, हे त्यांना कळेना, आणि मलाही कळेना. शेवटी मीच म्हटलं, "सुजाता, आज घंटा राहिली."

माइक सुरू झाला. इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी नम्र होता, तुमच्यासारखा.

"लेखी द्या मॅडम."

म्हणून हे लिहिलंय. उद्या तास सुरू व्हायच्या आधी ते वर्गाच्या ग्रुपवर टाकणार आहे, काहीही न कापता. वर विषय त्या अर्जातलाच लिहिलाय.